बादलीतलं साल

वाइन पारखून विकत घ्यायला आलेल्या पुण्याच्या बाईंनी घोट तोंडात घोळवला आणि सरळ बादलीत थुंकला. तुळजाबाईंनी बादलीत वाकून बघितलं.

"कावून थुंकलं, भाऊजी? इतकं वंगाळ हाय का?"

"चाखायची रीतच हाय ती, वैनी," द्राक्ष संस्थेचे चेअरमन सुंदरराव दबक्या आवाजात म्हणाले. "गिळत बसल्या तर माघारी पुण्याला कशा जातील?"

असेल रीत, पण मेली कसली ही रीत. दुष्काळाच्या साली तुळजाबाईंच्या मालकांनी, शहादेवरावांनी, टँकरचं पाणी कळशीकळशीनं वेलींच्या बुडाशी घातलं होतं. घरात अंघोळीची बोंब आणि हा माणूस वेलींना पाजतोय म्हणून गावानं येड्यात काढलं. बाकीच्यांच्या बागांत त्या साली घडच धरला नाही. यांची द्राक्षं उतरली, संस्थेनं त्यांची पांढरी वाइन केली, आणि बाटल्या भरायच्या आतच शहादेवराव गेले. तेव्हापासून तुळजाबाईंचा एकच हट्ट होता, त्या सालची वाइन कशात न मिसळता, बाटलीवर ते साल लावून वेगळी भरावी. चव त्यांना ठाऊक नव्हती, त्या कुठे पितात.

टेबलावर संस्थेच्या दोन सालांची वाइन होती, दुष्काळाच्या आणि नंतरच्या चांगल्या पावसाच्या. ताडून बघायला बाईंनी फ्रान्समधल्या बर्गंडीच्या पांढऱ्या वाइनचीही अलीकडची दोन सालं आणली होती.

"हे गारव्याचं साल," फ्रान्सची एक बाटली पुढे सरकवत बाई म्हणाल्या. "आंबटपणा टिकलाय, अजून मुरेल. हे दुसरं कडक उन्हाचं. जड झालंय, चव लवकर उतरणार."

"तिकडं बी ऊन लागतं व्हय?" तुळजाबाईंना नवल वाटलं.

"लागतं की. तुमच्या दुष्काळाच्या सालाचंही तेच झालंय. पावसाचं मी घेते. हे त्यात मिसळून टाका, एकटं टिकणार नाही."

सुंदररावांनी मान खाली घातली. बाई खोटं बोलत नव्हत्या, हेच वाईट होतं. तुळजाबाईंनी पदर खोचला आणि बादली उचलली.

"ऱ्हाऊ द्या, वैनी. गडी टाकंल मोरीत."

"मोरीत कावून?"

त्या रस्ता ओलांडून आपल्या बागेत गेल्या. शहादेवराव पहिली कळशी जिथे ओतायचे, त्या टोकाच्या वेलीच्या बुडाशी त्यांनी बादली हळूहळू रिती केली.

मागोमाग आलेले सुंदरराव म्हणाले, "त्यात फ्रान्सचं बी हाय की, वैनी."

"असू द्या," तुळजाबाई म्हणाल्या. "त्यांच्याकडं बी ऊनच व्हतं."