मचाण आणि लेम्पीचा धुतलेला कोट

मित्रांनो, मी एक जुनं, जरा कुरकुरणारं मचाण आहे. रानाच्या कडेला चार खांबांवर उभं असलेलं लाकडी खोपटं, एवढंच माझं रूप. माझ्यात बसून माणसं हरणांपासून लपतात. जो दुसऱ्याला लपवतो त्याने तरी स्वस्थ असावं; पण माझा स्वभावच चुळबुळा. थंडीने फळ्या आवळतात, उन्हाने सैलावतात आणि वारा आला की कुठेतरी कर्र होतंच.

अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेला, आपल्या घरामागच्या रानात ऊर्हो नावाच्या माणसाने मला बांधलं. लोखंडाच्या खाणीतून तो निवृत्त झाला, त्या वर्षी. परसातली मोडकळीला आलेली सौना, म्हणजे चूल पेटवून वाफ घ्यायची लाकडी खोली, पाडून तिच्या फळ्या त्याने मला लावल्या. त्यामुळे माझ्या अंगाला धुराचा वास आहे. आमच्या भागात घरोघरी चूल पेटते, म्हणून हरणांना धुराचं काही वाटत नाही. आतून त्याने मला काळा रंग दिला. मागची खिडकी तो कधीच उघडत नसे, कारण पाठीवर उजेड पडला की बसलेला माणूस हरणाला लगेच दिसतो.

बारा वर्षं दर हिवाळ्याचं मांस आम्ही घरी पाठवलं. ऊर्होच्या मचाणाखाली हरीण स्वतः चालत येतं, असं शेजारीपाजारी म्हणत. तेव्हा मी फार फुशारून जाई.

मग ऊर्होचं हृदय दुखावलं. शिडीला हातही लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हा त्याची बायको लेम्पी म्हणाली, मी बसते. बंदूक तिला चांगली चालवता येई, पण ती उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात धावपळ केलेली बाई.

"नेम धरशील गं तू," ऊर्हो म्हणाला. "पण तुझे पाय कोण धरणार?"

तीस नोव्हेंबरला शिकारीचा हंगाम संपतो. तोवर हरीण मिळालं नाही, तर शेवटच्या दिवशी आपण स्वतः चढणार, असं त्याने जाहीर करून टाकलं. त्याचा हट्ट लेम्पीला ठाऊक होता. शिडीवर याला काही होऊ नये, म्हणून त्याआधीच हरीण मिळवायचं तिने ठरवलं.

आणि खरं सांगायचं तर, ती बसली! नाकाला खाज सुटली तरी हात उचलायची नाही. पण हरणं शंभर पावलांवर यायची, नाक वर करायची, पाय आपटायची आणि पांढरी शेपटी दाखवून पसार व्हायची. रोज हेच. लेम्पीने माझ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, जमिनीवर घोंगडी अंथरली. तरी माझ्या करकरीनेच हरणं पळतात असं समजून ती माझ्यावरच डाफरायची.

दोष माझा नव्हता, मित्रांनो. दोष कोटाचा होता. शिकारीला आमच्याकडे नारिंगी कोट घालावाच लागतो. हरणाला तो रंग उमगत नाही, माणसाला मात्र लांबून दिसतो. घरात असा कोट एकच. ऊर्हो तो कधी धूत नसे. लाकडांच्या खोलीत, देवदाराच्या डहाळ्यांत टांगून ठेवी, म्हणजे त्याला रानाचाच वास लागे. लेम्पीला तो मळका कोट अंगावर घालवेना. हंगामाच्या आदल्या दिवशी तिने तो फुलांच्या वासाच्या साबणात दोनदा धुतला आणि ऊर्हो ओरडेल म्हणून त्याला सांगितलंच नाही. रानभर तो वास पसरे आणि माझा जीव खालीवर होई. पण सांगणार कसं? मला तोंड कुठे आहे?

शेवटचा दिवस उजाडला. ऊर्हो झोपेत असतानाच लेम्पी घरातून निघाली. दुपारपर्यंत काही नाही. मग वारा फिरला आणि समोरून आमच्याकडे वाहू लागला, तसा साबणाचा वास मागे गेला. झाडीतून एक मोठा नर बाहेर आला. चाळीस पावलं. लेम्पीने बंदूक उचलली. मी एक फळी वाजू दिली नाही.

नराने मान वर केली. संपलं, मला वाटलं. पण तो आमच्याकडे बघतच नव्हता. मान वळवून, कान ताठ करून तो आपल्या मागच्या झाडीकडे बघत होता. लेम्पीने बोट मागे घेतलं. नर उडी मारून गेला आणि त्याच झाडीतून तपकिरी जाकिटातला ऊर्हो बाहेर पडला, एक हात छातीवर धरून.

लेम्पी शिडी कशी उतरली ते तिलाच ठाऊक.

"घालवलंस ना?" तो धापा टाकत म्हणाला. "तरी सांगत होतो, तुझं बूड एका जागी ठरत नाही."

"ऊर्हो, माझं बोट चापावर होतं."

त्याने मागच्या झाडीकडे वळून पाहिलं. मग हळूच त्याने विचारलं, "ते हरीण कुठे बघत होतं?"

"तुझ्याकडे."

तो शिडीच्या पहिल्याच पायरीवर बसला. लेम्पीने रडत रडत साबणाचं सगळं सांगितलं. त्याने कोटाची बाही नाकाशी नेली. ओरडला नाही.

"चल," तो म्हणाला. "यंदा बटाटे खाऊ."

तिने कोट काढून दोघांच्या खांद्यांवर टाकला आणि ती दोघं एकमेकांना धरून घरी गेली. त्यानंतर माझ्यात कोणी बसलेलं नाही. माझं छप्पर उडालंय, खारींनी घरटं केलंय. त्याचं मला दुःख आहे, नाही असं नाही.

पण मित्रांनो, तुम्ही कधी अशा मचाणात बसलात तर हरणापासून खुशाल लपा. घरच्या माणसापासून मात्र धुतलेला कोटसुद्धा लपवू नका. माझी एवढीच विनंती आहे.