टेबलावरची खांड

"भगदाड अजून मोठं हवं, धर्मराज. एवढ्याशा फटीतून माझा राक्षस जायचा कसा?"

नंदकिशोर सबनीसांनी बोटभर उंचीचा शिशाचा राक्षस बांधापाशी उभा करून दाखवला. तीन डोकी, हातात गदा आणि पोट असं की वाशीतल्या कुणाही फ्लॅटवाल्याला ते ओळखीचं वाटावं. धर्मराजने मान डोलावली, पातळ करवत घेतली आणि प्लास्टरचा बांध दोन्ही बाजूंनी आणखी कापला. पांढरा चुरा ओटीवर सांडला.

"आमच्यात याला खांड म्हणतात, साहेब. भरतीनं खाडीचा बांध फुटला की खांड गेली म्हणायचं. मग खारं पाणी थेट शेतात."

"फारच छान. मग आपणही खांडच म्हणू. आणि उद्या रविवारी सकाळी नक्की आणा, राक्षसांची चढाई आहे."

एवढं बोलून साहेब स्कूटरवर बसून गेले. दाराच्या आत खाडीतले निवट्या मासे साफ करत बसलेल्या गोजराबाईंनी, म्हणजे धर्मराजच्या आईने, हे सगळं ऐकलं आणि विळी जरा जोरात पुढे सरकवली.

सबनीस जहाजावर इंजिनियर. अर्धं वर्ष समुद्रावर, आणि उरलेलं अर्धं जेवणाच्या टेबलावर युद्ध लढण्यात. विलायतेहून आणलेला खेळ होता तो. शिशाची माणसं, राक्षस, चेटकिणी, फासे, आणि अंतर मोजायला शिंप्याची टेप. बायको सुमेधा बँकेत नोकरीला. ती माणसांची बाजू घ्यायची, नवरा राक्षसांची, आणि बिचाऱ्या जेवणाला खाली जमिनीवर बसावं लागायचं. डोंगर म्हणून उशा आणि नदी म्हणून ओढणी अंथरून त्यांचं बरेच दिवस भागलं होतं. पुढे साहेबांना दलदल हवीशी वाटू लागली.

नवं शहर आखणाऱ्या ऑफिसात एक मॉडेलची खोली होती. तिथे सबनीस आपली बिल्डिंग शहराच्या मॉडेलमध्ये कुठे येते ते बघायला गेले, तेव्हा धर्मराज चिमट्याने एकेक झाड रोवत होता. साहेबांनी झाडं बघितली, धर्मराजला बघितलं, आणि आपली बिल्डिंग शोधायची विसरले.

धर्मराजला ती नोकरी जमिनीच्या बदल्यात मिळालेली. सानपाड्याच्या खाडीकाठचं त्यांचं खाजण, म्हणजे खाऱ्या बांधाआडचं भातशेत, शहरात गेलं. आधी पाणी भरायचं काम होतं, मग ब्रश धुवायचं, आणि मग एक दिवस ब्रश त्याच्याच हातात राहिला. काम आवडायचं त्याला, खोटं कशाला बोला. फक्त तिथे नकाशात असेल तेच करायचं असे. खाजण दिसलं की वर भराव, भरावावर करड्या इमारती. आपल्याच शेतावर त्याने स्वतःच्या हाताने इमारती चिकटवल्या होत्या. त्या ओळीत सरळ बसल्या म्हणून साहेबलोकांनी पाठही थोपटली होती. त्या दिवशी घरी येऊन तो न जेवता झोपला, आणि का ते भागीरथीला, बायकोला, त्याने सांगितलं नाही.

इथे मात्र नकाशाच नव्हता. "दलदल करा, भयानक करा," एवढंच सबनीस म्हणाले होते. नमुना म्हणून दिलेल्या चित्रात हिरवागार शेवाळी चिखल होता. धर्मराजने ते चित्र दोन दिवस भिंतीला लावलं आणि तिसऱ्या दिवशी काढून ठेवलं. असला चिखल त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याने प्लायवूडवर भुसा आणि फेविकॉल कालवून थापला आणि त्याला ओहोटीनंतरचा काळपट निळा रंग दिला. काथ्याची तिवराची झाडं केली. तिवराची मुळं चिखलातून वर डोकावतात, त्यासाठी खराट्याच्या काड्या कापून उभ्या रोवल्या. पाणी म्हणून वार्निश ओतलं, एक थर सुकला की दुसरा. ओल्या चिखलावरून कोंबडी चालत गेली तेव्हा भागीरथी ओरडली, पण त्याने ती पावलं तशीच ठेवली. सबनीसांना ती कुठल्यातरी भुताची वाटली आणि साहेब भलतेच खूश झाले. ही त्याची स्वतःची पहिली वस्तू होती. ती धड जावी, लोकांनी बघावी, एवढंच त्याच्या मनात होतं. मनातल्या मनात तो गुणगुणतही होता.

गोजराबाई रोज बघायच्या. भराव पडल्यापासून त्यांनी त्या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं. वाशीच्या बाजारात जायचं तर जुन्या रस्त्याने लांबचा वळसा. "मना सवय हाय," म्हणायच्या. कसली डोंबलाची सवय, सगळ्या गावाला कारण ठाऊक होतं.

रविवारी सकाळी धर्मराज टेंपो घेऊन आला तर भागीरथी पिठाच्या हातांनी ओटीवर उभी. "मी तव्याकडं होते," ती म्हणाली. "पीठ कमी जालं तवा कललं."

भाकरीचं तांदळाचं पीठ खांडीत भरलेलं होतं. पांढरंशुभ्र, बांधाच्या वर उंच आलेलं. गोजराबाई शेजारी बसून बोटं पुसत होत्या.

"आये, ह्या काय केलंस?"

"खांड बुजवली. केवरी भरती हाय बघ. पानी शेतान शिरलं असतं."

"खेल हाय तो, आये. त्यांना खांडच पायजे होती."

"खांड कुनाला पायजे असते रे?" गोजराबाईंनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

धर्मराजच्या कपाळात तिडीक गेली. रात्रंदिवस खपून केलेलं काम आणि दारात टेंपो उभा. त्याने चाकू घेतला, खाली वाकला, आणि तसाच थांबला. पिठाच्या आत पेंढ्याच्या काड्या होत्या. एक थर पेंढा, एक थर पीठ, पुन्हा पेंढा, वर अंगठ्याने दाबून चोपलेलं. खांड गेली की अख्खा गाव ओहोटी गाठून बांधावर धावायचा, आणि बाया चिखल अशाच चोपायच्या. अगदी अशाच. त्याने चाकू ठेवला, रंग कालवला आणि त्या पिठाला चिखलाचा रंग दिला. अंगठ्याचे ठसे बुजणार नाहीत एवढं सांभाळलं.

दलदल टेबलावर मांडली तेव्हा सबनीसांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, खांड कुठे गेली?"

"आईनं बुजवली, साहेब. तिला बघवली नाही." धर्मराजने मान खाली घातली. "म्हणत असाल तर परत कापून देतो."

सुमेधाबाईंनी चष्मा पुसून बांधाकडे नीट बघितलं. "काही कापायचं नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "गावकरी आले, त्यांनी बांध बांधला. तुमच्या राक्षसांना आत यायचं तर दोन्ही फाशांवर सहा पाडा, नाहीतर बसा चिखलात."

साहेब कुरकुरले, पण नियम त्यांनाही आवडला. त्या दिवसापासून धर्मराज सुमेधाबाईंचा सेनापती झाला. दर रविवारी जायचा, चहा प्यायचा, टेपने चिखल मोजायचा. घरी आला की गोजराबाई उंबऱ्यावर असायच्या.

"बांद हाय नं?"

"हाय."

"मंग जेव."

असे पुष्कळ रविवार गेले, चांगले गेले. पण पीठ ते पीठच. वाळलं, आक्रसलं, आणि एका रविवारी फासे हातातच असताना सगळा गोळा आपसूक निखळून वार्निशवर पडला. सबनीसांनी राक्षस उचलला.

"थांबा," सुमेधाबाई म्हणाल्या. "ज्यांचा बांध त्यांना कळवायला नको?"

धर्मराज घरी आला. येताना त्याच्या मनात आलं होतं की नेहमीसारखं "हाय" म्हणून टाकावं, म्हातारीला कशाला त्रास. पण उंबऱ्यावरचा तो चेहरा बघून त्याच्याने खोटं बोलवेना.

"खांड गेली, आये."

गोजराबाई उठल्या. "भागी, पीठ मल," त्यांनी आत हाक दिली, लुगडं वर खोचलं आणि पेंढ्याची मूठ घेऊन चालू लागल्या. जुन्या रस्त्याच्या फाट्यावर धर्मराज त्यांच्या सवयीने वळला. त्या वळल्या नाहीत. "लांब परल. तवर पानी शिरल," म्हणाल्या आणि भरावावरून सरळ निघाल्या. पिठाची परात घेऊन तो मागून जवळजवळ पळत होता.

फ्लॅटमध्ये त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. सुमेधाबाईंनी पुढे केलेली खुर्ची घेतली नाही. टेबलाशी वाकून एक थर पेंढा, एक थर पीठ, अंगठ्याने चोपत राहिल्या. नंदकिशोर सबनीस मुठीत फासे धरून अदबीने उभे होते, आणि तीन डोक्यांचा राक्षस बशीत बाजूला ठेवला होता.

बांध पुरा झाला तेव्हा गोजराबाईंनी त्यावर तळहात ठेवून बघितला, पदराला हात पुसले आणि सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "हां. आता खेला."