दोन रात्रींची रीत

मैथिलीने तुंबडीतली ताडी नाकाशी धरली, डोळे मिटले, एक घोट तोंडात घोळवला आणि झाडाच्या बुंध्याशी थुंकून टाकला.

खाटेवर बसलेल्या कमलीबाईने लेकाकडे पाहिले. "आवडली नाही का रे तिला?" तिने घरच्या बोलीत विचारले.

"आवडली, याहा," करण आईला म्हणाला. "चव घ्यायची तर अशीच घेतात त्या."

"थुंकायचीच तर झाडाने द्यायची कशाला?" शेजारची भुरीबाई म्हणाली आणि स्वतःच्या तुंबडीतले चार थेंब जमिनीला वाहून उरलेली पिऊन टाकली.

"सकाळच्या झाडापेक्षा ही आंबट आहे," मैथिली वहीत लिहीत म्हणाली. "पण मागे काहीतरी रेंगाळतं. कशासारखं?"

"भाजलेल्या हरभऱ्यासारखं," करण उभ्याउभ्याच म्हणाला. सकाळपासून तो कुठल्याच झाडाखाली बसला नव्हता. हातातला मोबाइल उघडत होता, मिटत होता. अक्कलकुवा मागे पडल्यापासून त्यात रेंज नव्हती.

पुण्याला मैथिलीची छोटी ब्रुअरी होती, आणि जाईल त्या शहरात चार-दोन बार पालथे घातल्याशिवाय तिला चैन पडत नसे. बेंगळूरात तिने दोन दिवसांत अकरा बार पाहिले होते. प्रत्येक ठिकाणी नवी बिअर, नवी नोंद, आणि लगेच पुढची रिक्षा. महिन्याभरापूर्वी ती करणला म्हणाली होती, "आता तुझ्या गावाचे बार दाखव."

"आमच्याकडे बार नाहीत, मॅडम. झाडं आहेत."

ते वाक्य तिला इतके आवडले, की तिने ते ब्रुअरीच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवले. आणि ते खोटे नव्हते. पाड्यावरच्या प्रत्येक ताडाची चव निराळी, पिणारी माणसे निराळी, खालच्या गप्पा निराळ्या. ह्या झाडाचा माणूस त्या झाडाखाली सहसा बसत नाही.

खोटे होते ते दुसरेच. चार वर्षांपूर्वी करण तिच्याकडे टाक्या धुवायला लागला. एकदा टाकीचे झाकण उघडताच त्याने नुसत्या वासावरून सांगितले, की यातले यीस्ट दमले आहे, आणि ते खरे निघाले. हे कुठे शिकलास, तिने विचारले. तो म्हणाला, बाप ताडी उतरवतो. "मग तूही चढतोस?" "हो," तो म्हणाला, "लहानपणापासून."

ताडाला फांद्या नसतात. ह्या खोट्याला मात्र फुटत गेल्या. येत्या सोमवारी नव्या बिअरचे डबे बाजारात यायचे होते. डब्यावर ताडावर चढणाऱ्या माणसाचे चित्र, खाली करणचे नाव, आणि त्याखाली 'चौथ्या पिढीचा ताडी उतरवणारा'. त्याच सोमवारपासून तो मुख्य ब्रुअर व्हायचा होता. आता खरा करण खऱ्या झाडावर चढतानाचा व्हिडिओ तेवढा राहिला होता, आणि त्यासाठीच मैथिली इथवर आली होती.

खरी गोष्ट त्याचा बाप, नारसिंग, जाणून होता. बारा वर्षांचा करण ह्याच झाडावर दोन पुरुष उंची गाठून खोडाला मिठी मारून थिजला होता. धड वर जाईना, धड खाली येईना. बापाने वर जाऊन त्याचे एकेक बोट सोडवले आणि त्याला पाठीवर घेऊन उतरवले. त्या जूनमध्ये आश्रमशाळेत नाव घातले. पुढे घरात त्यावर कोणी शब्द काढला नाही.

"चला करण, ऊन चांगलं आहे," मैथिलीने मोबाइल उभा धरला.

नंदुरबारहून भाड्याची जीप घेऊन आलेला गोकुळ बॉनेटवर बसून शेंगा फोडत होता. "चढ ना भो! आते काय मुहूर्त देखी ऱ्हायना का? तुन्हा फोटो डबावर छापेल शे, अन् तू खालेच उभा!"

करणने बुंध्याशी पडलेला दोर उचलला. दोर हातात ओला झाला.

"ठेव तो," नारसिंग म्हणाला. तो दगडावर सुरी घासत बसला होता. मान वर न करताच तो मैथिलीशी शाळेतल्यासारखे एकेक मराठी शब्द जोडत बोलू लागला. "मॅडम, तो नाही चढणार. आमच्यात रीत आहे. परगावाहून माणूस आला, घरचा पोर का असेना, तो दोन राती घरात झोपल्याशिवाय त्या घरच्या कोणी ताडाला हात लावायचा नाही. झाडाला परक्या पाण्याचा वास येतो."

कमलीबाईचा मोहफुले निवडणारा हात सुपातच थांबला. भुरीबाई रिकाम्या तुंबडीत पाहत राहिली. करणने बापाकडे पाहिले. दारात नको असलेला माणूस आला, तरी 'घरी नाही म्हणून सांग' एवढेसुद्धा कधी ह्या माणसाला जमले नव्हते.

मैथिलीचे डोळे चमकले. "किती सुंदर आहे हे! करण, तू कधी बोलला नाहीस." तिने वहीचे पान उलटले, सगळे लिहून घेतले आणि म्हणाली, "मग आम्ही थांबतो ना. आज गुरुवार. दोन रात्री झाल्या की शनिवारी सकाळी चढेल करण."

सुरीचा आवाज बंद पडला. जीप सांजेपर्यंत परत जाईल असे नारसिंगने धरले होते.

ताडाच्या फुलोऱ्याच्या कोंबाला सकाळ-संध्याकाळ सुरीने पातळसा काप द्यावा लागतो. काप चुकला की जखम मिटते, रस आतल्या आत परततो, आणि त्या कोंबाचा हंगाम तिथेच संपतो. लेकराने ओढायचे सोडले की आईचे दूध आटते, तसे. नारसिंगच्या झाडावर तीन कोंबांना तीन मडकी बांधलेली होती.

"तुझ्या बापाने पाळली होती ही रीत?" संध्याकाळी चुलीशी कमलीबाईने नवऱ्याला धरले. "माझ्या बापाने? कुठल्या देवाने येऊन सांगितली तुला?"

"हळू बोल. ती पडवीत आहे."

"तिला कुठे आपली बोली कळते! मडकी भरून वाहतील आणि शनिवारी कोंब कोरडे लागतील."

"लागू दे."

शुक्रवारी करणने मैथिलीला सात झाडे फिरवली. एका झाडाखाली म्हातारे मुकाट पीत होते, जणू कुणाच्या दुखवट्याला बसले होते. एका झाडाखाली मोहफुलांच्या पाट्या उतरवून बायका हसत होत्या. सडकेच्या झाडाखाली गुजरातकडे निघालेला ट्रकवाला नुसता हुंगून उसासे टाकत होता. त्याला गाडी चालवायची होती. मैथिली चाखत होती, लिहीत होती, आणि पान भरले की उठून 'पुढचं?' म्हणत होती. करण तिच्याही आधी उठून उभा असायचा.

जिथे जावे तिथे बातमी आधीच पोचलेली.

"नारसिंगकडे रीत आहे म्हणे?" एकाने डोळा घातला. "आमच्या आज्याला कशी ठाऊक नव्हती?"

"तुझ्या आज्याला ताडी सोडून काय ठाऊक होतं?" एक म्हातारी म्हणाली. "असेल. जुनी असेल."

ते परतले तेव्हा नारसिंग झाडाखाली बसला होता. वरून मडकी भरून वाहत होती. थेंब पडत होता, मुंग्यांची रांग लागली होती, आणि एक कावळा मडक्याच्या काठावर बसून मनसोक्त पीत होता. नारसिंगने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते. त्या हातांना ही काप द्यायची वेळ होती.

"बा, मी सांगून टाकतो तिला," करण हळूच म्हणाला.

"सोमवार होऊ दे तुझा."

"आणि उद्या? उद्या मी काय करू?"

नारसिंगने मानेवरून हात फिरवला. "तुला उतरवत होतो ना, तेव्हा तू इथे दात रोवले होतेस. खूण आहे अजून."

करणला ते आठवत नव्हते. त्याने वाकून पाहिले. सुरकुत्यांत खूण कुठली, वय कुठले, ते काही कळले नाही.

शनिवारी सूर्य डोंगरावर आला आणि मैथिली मोबाइल घेऊन उभी राहिली. जीपमध्ये झोपून अंग आंबलेला गोकुळ आळोखेपिळोखे देत होता. करणने पायात दोराची कडी अडकवली, खोडाला हात टेकले. खोड पहाटेचे गार होते. त्याने वर पाहिले आणि कान दिला. थेंबाचा आवाज नव्हता. मुंग्या सुकलेल्या डागाभोवती इकडून तिकडे नुसत्याच फिरत होत्या.

त्याने पायातली कडी काढली.

"मॅडम, मला चढता येत नाही. कधीच येत नव्हतं. आणि रीतही नाही. बाने ती परवा माझ्यासाठी केली."

मैथिलीचा मोबाइल खाली आला. "वीस हजार डबे छापलेत, करण."

"माहीत आहे."

"काल त्या टेकडीवर चढून मी पुण्याला फोन केला. सगळ्यांना सांगितलं, इथे अशी एक रीत आहे म्हणून." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे करणला तो जास्त लागला. "मी तुला चढतोस म्हणून ठेवलं नव्हतं रे. एकदा तरी सांगायचंस."

"रोज सांगणार होतो."

ती वळून जीपकडे चालू लागली. "बॅग आण. वाटेत बोलू." काय बोलणार ते तिने सांगितले नाही, आणि तिच्या पाठीवरूनही ते कळत नव्हते.

नारसिंगने जमिनीवरचा दोर उचलला आणि तो चढू लागला. साठीचे शरीर, पण खोडाला लागले की ते वय खाली ठेवून जाई. शेंड्याशी पोचल्यावर बराच वेळ तो पानांत दिसेनासा झाला.

"दोन वाळले," वरून आवाज आला. "एक ओला आहे अजून."

करणने बॅग आणून जीपच्या मागे टाकली. तो एक पाय आत घालून बसतो न बसतो, तोच पलीकडच्या शेतातून भुरीबाई लगबगीने आली. तिच्या खांद्यावर दोराचे वेटोळे होते. सकाळी इथे काय झाले ते तिच्यापर्यंत पोचले नव्हते.

"ए नारसिंग!" ती झाडाखाली उभी राहून वर ओरडली. "माझा पोरगा काल सांजेला सुरतहून आला. उठला तो झाडाकडेच निघाला. मी दोर हिसकून घेतला त्याच्या हातून. आता सांग, कालची रात धरायची, का आजपासून मोजायच्या?"

कमलीबाईने हसू दाबायला पदर तोंडाशी नेला. तो तिथेच राहिला.

वर सुरी थांबली. वाऱ्यावर सुकी पाने एकमेकांवर घासत होती, तेवढाच आवाज. भुरीबाई कपाळावर हात धरून वर पाहत होती, पंचांकडून निवाडा ऐकायला आल्यासारखी.

"कालची धरू नको," वरून आवाज आला. "काल तो नुसता पोचला. राहिला कुठे अजून!"

भुरीबाईने मान डोलावली. दोर खांद्यावर नीट केला आणि आली तशी शेतातून परत गेली.

"काय म्हणाले ते?" जीपमधून मैथिलीने विचारले. गोकुळने किल्ली फिरवली होती. गाडी जागच्या जागी थरथरत होती.

करणने पाय बाहेर काढला. खाली उतरला.

"पहिली रात्र धरत नाहीत, मॅडम. माझी अजून एक राहिलीय," तो म्हणाला, आणि जीपचे दार त्याने बाहेरून लावले.