दांडी वर, दांडी खाली

आमच्या घरात ताईचा आवाज पहिला आणि माझा दुसरा, हे ठरवायला कुणी बैठक घेतली नव्हती. ती आधी जन्मली, एवढंच. बाबा गायकवृंद चालवायचे. पाच रेघांच्या एकाच पट्टीवर दोघींचे सूर लिहायचे. सुराच्या टिंबाला एक दांडी असते; ताईच्या सुरांच्या दांड्या वर, माझ्या खाली. मी तालीम चुकवली की ताई म्हणायची, "हिची दांडी कायम खाली, आणि तीही मारलेली."

बाबांच्या एका गाण्यात मधोमध चार घरं, म्हणजे उभ्या रेघांमधले चार कप्पे, अशी होती की तिथे एकटीनेच गायचं. ती त्यांनी मला शिकवली होती, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. पण गाण्याची स्वच्छ प्रत ताईने वहीत काढली, आणि तिच्या प्रतीत त्या चारही घरांतल्या दांड्या वर गेल्या. मूळ पानं वाळवीने खाल्ली. पुढे बाबाही गेले. पन्नास वर्षं ती चार घरं ताई गायली आणि मी शेजारी पान धरून उभी राहिले.

यंदा वृंदाची शेवटची मैफल. वृंदाच्या आताच्या मास्तरांना छापील कागद हवे होते, म्हणून ताईची लेक, माझी भाची, संगणकावर बसली. मला एकच हवं होतं: ती चार घरं, मरायच्या आधी एकदा.

भाचीने आधी सगळंच पहिल्या आवाजात भरलं. दोघींचे सूर एकाच दांडीला लटकले, एका खुंटीवरच्या दोन छत्र्यांसारखे.

"मावशी, तुम्ही दोघी एक झालात बघ."

"मग भांडायचं कुणी?"

तिने पुसून पुन्हा भरलं. पहिला आवाज निळा, दुसरा हिरवा. चार घरांपाशी थांबली. "हे कुणाचं? एक की दोन, सांगावं लागतं."

ताई पलंगावर बसून चष्मा शोधत होती. तो तिच्या डोक्यावर होता.

"दोन," मी म्हटलं.

"वहीत दांड्या वर आहेत."

"तुझ्या आईने काढल्यात. तिचा हात लहानपणापासून वरच जातो."

चार घरं हिरवी झाली. वर, ताईच्या जागी, संगणकाने आपणहून चार काळ्या वड्या टांगल्या.

"विश्रांतीच्या खुणा," भाची म्हणाली. "आईने इथे गप्प राहायचं. गर्दी वाटत असेल तर लपवते."

"राहू देत. मोठ्या करता येतात का?"

तालमीत ताईने कागद नाकाशी धरला. "मला गप्प बसवायला तुझे भावोजी चाळीस वर्षं झटले. शेवटी तेच गेले." एवढं बोलून ती खरंच गप्प बसली.

पहिलं घर चांगलं गेलं. दुसरं तर फारच. तिसऱ्यात दम संपला, आणि चौथ्यात माझं तोंड उघडं आणि आवाज नाही. मी ताईकडे पाहिलं. तिला ते घर झोपेतही येतं. ती ओठ मिटून, चौथ्या वडीवर बोट ठेवून उभी होती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सावरायचंस की मला."

"कागदावर गप्प लिहिलंय. मी कागद पाळते."

"पन्नास वर्षं पाळलास तो कागद तूच लिहिला होतास."

ताई चपला शोधत होती. "हो. बाबांच्या पानावर दांड्या खालीच होत्या. तिथे तुझा आवाज फार छान लागायचा. मला बघवलं नाही." दूध संपलंय म्हणून सांगावं, तसं तिने हे सांगितलं.

पन्नास वर्षांच्या शिव्या माझ्याकडे तयार होत्या. पण तिचा एक पाय तोवर माझ्या चपलेत गेला होता.

घरी येऊन मी भाचीला पुन्हा बसवलं. "तीन घरं माझी एकटीची, चौथं दोघींचं. चौथ्यातली वडी पुसून तुझ्या आईला सूर दे."

"वरचे?"

"खालचे."

"मग त्या घरात तू पहिला आवाज होशील, मावशी."

"चालेल. एका घरापुरतं सोसेन."

आतून ताई म्हणाली, "मला सगळं ऐकू येतंय."

"येऊ दे," मी म्हटलं. "चौथ्या घरापर्यंत गप्प बस."