नऊ इंच कमी

महेबूबला मोर्स कोड मी शिकवला. नवीन जालन्यात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं संदेश ठोकायच्या माझ्याच पितळी चावीवर, सहा महिने. मंग हौशी रेडिओवाल्यांच्या सरकारी परीक्षेला दोघंही गेलो. कोडमध्ये मी त्याच्या पुढं, पण लेखी पेपर इंग्रजीत. तो हैदराबादेत मामाकडं राहून इंग्रजी शिकलेला. तो पास झाला, मी तीनदा नापास. लायसन त्याला मिळालं आणि पंच्याहत्तर साली मालवाहू जहाजावर वायरमनची नोकरीही.

सरळच लिहितो. त्या वर्षी मी त्याचं वाईट चिंतलं.

जहाजावर स्वतःचा सेट लावायला कप्तानाची परवानगी आल्ती. पेटीत मावेल असं एरियल त्याला पाहिजे होतं, आणि ते बनवायला तो माझ्याकडंच आला. बांबूचे चार तुकडे एकात एक बसवले, त्यावर प्लास्टिकच्या आवरणाची तार गुंडाळली, खाली जहाजाच्या कठड्याला आवळायची पकड लावली. बुकात तारेचं माप साडेसोळा फूट होतं. महेबूब चहा सांगायला गेला तेवढ्यात मी ती नऊ इंच आखूड कापली. भर समुद्रात बसू दे मुका.

असलं एरियल चालायला खाली जहाजासारखं लोखंड लागतं, ते जालन्यात कुठून आणणार? कापसाच्या जिनिंगच्या पत्र्याच्या छपरावर चढलो, पकड पत्र्याला आवळली, बॅटरीवरचा सेट अन् माझी चावी जोडली. तारेच्या बुडाशी टॉर्चचा बल्ब. माप जमलं तर तो लख्ख पेटतो, चुकलं तर मिणमिणतो.

मी चावीकडं हात नेला. महेबूबनं मनगट धरलं.

"हात नको लावू, सर्जेराव. लायसनवाल्यानंच दाबायची. कायदा हाय."

माझीच चावी. मी मागं सरकलो आणि बल्ब मिणमिणायची वाट बघत बसलो.

बल्ब लख्ख पेटला.

महेबूबनं टेप लावून तार मोजली अन् माझ्याकडं बघतच राह्यला. बुकातलं माप हवेत टांगलेल्या उघड्या तारेचं, आपली आवरणाची अन् बांबूला गुंडाळलेली, म्हणून कमीच लागते, असं तोच मला सांगू लागला. "मला आत्ता कळालं. तुला आधीच बराबर ठाऊक होतं. उस्ताद हायेस तू."

ही शाबासकी मला शिवीसारखी लागली.

"काय ठाऊक न्हाई मला," मी म्हणलो. "तुझं बिघडावं म्हणून कापली."

त्यानं टेप गुंडाळून खिशात टाकली. खाली कापसाची गाडी रिकामी होऊन राह्यली होती.

"जळतोस?"

"जळतो."

"मंग सांगितलंस कशाला? मी तर उस्ताद म्हणलो होतो."

"फुकटची उस्तादी नको मला."

त्यानं जोराचा सुस्कारा टाकला, वही काढली अन् माप लिहून घेतलं. इंग्रजीत. मंग चावी सोडवून माझ्या हातात दिली. जहाजासाठी दुसरी घेईन म्हणला, अन् बांबू खांद्यावर टाकून शिडी उतरून गेला.

मला वाटलं होतं, आता तरी आग विझंल. न्हाई विझली.