चऱ्याची सवय

न्हाव्याच्या दुकानात सत्तरच्या दशकातली हार्ड रॉकची एकच रेकॉर्ड वर्षानुवर्षं वाजायची. तिसऱ्या गाण्यात गिटार ऐन रंगात आली की रेकॉर्डवरच्या चऱ्यावरून सुई टुणकन उडायची. तेवढ्यात न्हावी गालावरून वस्तरा उचलायचा आणि गिऱ्हाईक दुसरा गाल पुढे करायचं.

न्हाव्याच्या जावयाने हौसेने तीच रेकॉर्ड नवी कोरी आणून दिली. आता जावयाला नाही कोण म्हणणार? गिटार रंगात आली, गिऱ्हाइकाने सवयीने मान वळवली. न्हावी मात्र वस्तरा न उचलता सुई उडायची वाट बघत राहिला. अर्धी मिशी साफ!

गिऱ्हाइकाने आरशात पाहिलं, वस्तरा मागून घेतला आणि नव्या रेकॉर्डवर बरोब्बर जुन्याच जागी चरा पाडला.

"आता उरलेली मिशी काढा," ते म्हणालं, "पण रेकॉर्ड पहिल्या गाण्यापासून लावा!"