बॅटरीचं पाणी

घंटा वाजलीच नाही.

प्लास्टिकच्या जगमधलं पाणी छोट्याशा टाकीत पडत होतं. पातळी दोन तारांच्या टोकांपर्यंत चढली, टोकं बुडाली, पाणी काठाला लागलं, तरी टेबलावरची ती इवलीशी घंटा ढिम्म. खुर्च्यांवर बसलेले आईबाप आधी कौतुकाने बघत होते. मग कुणी खोकलं, कुणी मोबाईल काढला. टेबलामागच्या दहा वर्षांच्या मुलीने जग खाली ठेवला आणि नाकावरून घसरलेला चष्मा वर सरकवला.

"थांबा हं," ती म्हणाली. "एक मिनिट थांबा."

वर्गात सगळे तिला गोगलगाय म्हणत. एक तर तो जाड चष्मा, त्यात कामाचा वेग. बाकीच्यांच्या मोटारी पळून पळून दमायच्या, तेव्हा कुठे हिचा पहिला स्क्रू बसलेला असायचा. पण तिने बसवलेला स्क्रू पुन्हा म्हणून हलत नसे. हे एका लिफ्टवाल्या काकांच्याच ध्यानात आलं होतं.

काकांनी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर ते बायकोच्या शिलाई मशीनला रोज तेल घालायला लागले, तेव्हा तिनेच त्यांना घराबाहेर काढलं. "तेलाचे डाग धुऊन माझे हात गेले. जा कुठेतरी, चार माणसांत बसा." चार माणसांऐवजी त्यांना वीस पोरं मिळाली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, शाळा सुटल्यानंतर भरणारा हा विज्ञानवर्ग. तो चालवणारी ताई शिकलेली इंजिनिअर, त्यांच्या मुलीच्या वयाची. काकांचं काम खोकी मांडायची, आवरायची आणि कुणाचं बोट भाजलं तर नळाखाली धरायचं. शिकवणं त्यांच्या कामात नव्हतं. तरी काही अडलं की मुलं हळूच त्यांच्याकडे सरकत आणि काका प्रत्येकाला एकच सांगत, "कुठपर्यंत जीव आहे ते बघ. जिथे जीव संपतो तिथे दुखणं." वीज म्हणजे त्यांच्या भाषेत जीव.

आज वर्षअखेरचं प्रदर्शन होतं. गोगलगाईने टाकी भरल्याची सूचना देणारी घंटा केली होती. काल संध्याकाळी ती दहादा वाजली होती, काकांच्या समोर.

"तपासलं नसशील," पहिल्या रांगेतून तिचे बाबा म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण खोलीभर ऐकू गेला. "नेहमीचंच आहे तुझं."

"तपासलं होतं, बाबा."

"मग वाजत का नाही?"

ताई काकांच्या कानाशी आली. "काका, कपाटात मी केलेली घंटा आहे, ती आणता का पटकन? पुढची तीन मुलं खोळंबलीत. पोरगी रडेल हो."

पोरगी रडत नव्हती. तिने बॅटरीला लहान बल्ब लावून बघितला. लागला. घंटेची तार ओढून बघितली. घट्ट होती. मग तारांची दोन्ही टोकं पाण्याबाहेर काढून, फडक्याने पुसून तिने एकमेकांना टेकवली.

घंटा अशी खणखणली की मागच्या रांगेतलं तान्हं बाळ दचकून उठलं.

लोक हसले. ती हसली नाही. तिने टाकीकडे बघितलं, पाण्याच्या जगकडे बघितलं. मग म्हणाली, "सगळीकडे जीव आहे. फक्त पाण्यात नाही. हे पाणी कुठलं आहे?"

पाणी काकांनीच आणून ठेवलं होतं.

सकाळी नळाला गंजाचं लाल पाणी आलं होतं. पोरीच्या टाकीत ते बरं दिसणार नाही, म्हणून काकांनी जिन्याखालचा कॅन उघडला होता. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी, काचेसारखं स्वच्छ. इतकं स्वच्छ की त्यात क्षाराचा कण नाही, आणि क्षार नाहीत म्हणून वीजही त्यातून जवळजवळ जात नाही. एकतीस वर्षं तारांत हात घातलेल्या माणसाला हे सुचू नये! जग भरताना मात्र त्यांना कुणीही बघितलं नव्हतं.

कुणीही बघितलं नव्हतं, आणि दोष दुसऱ्याच्या माथी जात होता. हे त्यांच्या आयुष्यात पूर्वी एकदा घडून गेलं होतं.

एका कचेरीतली चार मजल्यांची लिफ्ट. दार उघडं असताना ती हलू नये म्हणून दाराला एक स्विच असतो. तपासणीपुरता तो स्विच निकामी करायला काकांनी त्यावर एक तार जोडली आणि ती काढायची राहून गेली. संध्याकाळी कामावरच्या जोडीदाराने विचारलं, "झालं ना सगळं?" काका "झालं" म्हणाले, आणि त्यांच्या शब्दावर जोडीदाराने वहीत सही केली. दुसऱ्या दिवशी दार उघडं असतानाच लिफ्ट सरकली. झाडू मारणाऱ्या बाईंचा पाय सापडला. बाई वाचल्या, पण पुढे काठीशिवाय चालल्या नाहीत. चौकशीत काकांनी एकच वाक्य उच्चारलं, "मला काही कल्पना नाही." त्यांची स्वतःची मुलगी तेव्हा पाळण्यात होती, नोकरी गेली असती तर भागलं नसतं. जोडीदाराला दुरुस्तीवरून काढून भांडारात बसवलं. त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. नोकरीची उरलेली वर्षं त्याने नटबोल्ट मोजून देण्यात घालवली.

"काका, आणताय ना?" ताईने पुन्हा विचारलं.

काका कपाटाकडे न जाता टेबलापाशी गेले.

"पाणी मी भरलंय," ते म्हणाले. "बॅटरीत घालायचं आहे. त्यातून वीज जात नाही, हे मला कळायला हवं होतं. मुलीचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे."

गोगलगाईने शांतपणे टाकी बादलीत ओतली, दप्तरातून स्वतःची पाण्याची बाटली काढली आणि टाकी भरायला घेतली. पाणी टोकांना लागलं. घंटा वाजली. ती पुरती पाच सेकंद वाजू देऊन तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी हातातला मोबाईल खिशात ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

सगळे गेल्यावर ताई खुर्च्या रचता रचता म्हणाली, "इतकं सगळ्यांसमोर सांगायलाच हवं होतं का हो? पालक म्हणतील, यांना पाण्यातलं कळत नाही, आणि हे मुलांना काय शिकवणार."

"खरंच आहे. नाही कळलं मला."

ताईला हसू फुटलं. "बरं, उद्या वेळेवर या. सगळं आवरायचंय."

"उद्या जरा उशीर होईल," काका म्हणाले. "एका ठिकाणी जायचंय. फार दिवसांचं राहिलंय."

जोडीदाराचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावर. तो दाराबाहेरच्या बाकावर उन्हाला बसला होता. बरगड्या दिसाव्यात इतका वाळला होता. शेजारी वर्तमानपत्र पसरलेलं.

बसमध्ये काकांनी बरीच जुळवाजुळव केली होती. त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही.

"ती तार माझी होती," ते उभ्या उभ्याच म्हणाले.

जोडीदाराने डोळ्यांवर आडवा हात धरून त्यांना नीट बघितलं. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तारेच्या टोकाला असा उलटा पीळ आणखी कोण देतं रे?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून." त्याने गुडघा चोळला. "दोनेक वर्षं वाट बघितली. मग दिलं सोडून."

काकांनी विचारलं, "आणि त्या बाई?"

"गेल्या त्या. पाच वर्षं झाली. मी जायचो अधूनमधून."

गल्लीतून एक सायकल गेली. तिची किरकिर लांबवर ऐकू येत राहिली. जोडीदार तिकडेच बघत होता. मग त्याने बाकावरचं वर्तमानपत्र उचललं, सावकाश घडी घातली आणि मांडीवर ठेवलं. शेजारी एका माणसापुरती जागा झाली. 'बस' असं काही तो म्हणाला नाही.

काका थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग परक्याच्या घरी बसावं तसे, अंग चोरून, बाकाच्या अगदी कडेवर टेकले.